विमानाचं ठिकाण स्वतःच्या प्रोग्रामने काढायचंय? मग रेडिओ सर्वांत शेवटी घ्या

विमान दर सेकंदाला साधारण दोनदा १०९० मेगाहर्ट्झवर स्वतःचं ठिकाण सांगत असतं. या व्यवस्थेला एडीएस-बी म्हणतात. संदेश कूटबद्ध नसतो, त्यामुळे हातात रिसीव्हर, लॅपटॉप आणि पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेची थोडी ओळख असली की आपल्यालाही तो वाचता येतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी जे केलं ते बहुतेक जण करतात. लगेच यूएसबी रिसीव्हर मागवला, अँटेना लावली आणि रात्री बसून कोड लिहिला. पडद्यावर विमानं आली, पण भलत्याच जागी आणि भलत्याच अंतरावर. पुढचे तीन आठवडे मी अँटेना खिडकीतून गच्चीवर, गच्चीतून पुन्हा खिडकीत नेत राहिले. चूक निघाली ती साईनच्या फंक्शनमध्ये. त्याला कोन रेडियन या एककात हवे होते, मी अंशांत देत होते. बिचाऱ्या अँटेनाचा काही दोष नव्हता.

म्हणून या लेखातला क्रम उलटा आहे. आधी गणित, मग संदेशाची फोड, आणि रेडिओ अगदी शेवटी. प्रत्येक पायरीवर उत्तर आधीच माहीत असलेले आकडे दिले आहेत. ते जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

काय काय लागेल

- पायथन ३ असलेला कोणताही संगणक. नमपायची, म्हणजे पायथनमध्ये मोठी आकडेमोड झटपट करणाऱ्या तयार साधनाची, गरज सहाव्या पायरीला पडेल.
- त्रिकोणमितीची शाळेतली ओळख. साईन, कोसाईन आणि टॅन आठवत असले तरी पुरे.
- वही. बिट मोजताना पडद्यापेक्षा कागद बरा.
- नंतर, आणि नंतरच: आरटीएल२८३२यू चिप असलेला यूएसबी रिसीव्हर आणि साधी अँटेना.
- आपल्या देशात असे संदेश ऐकण्याबद्दल आणि इतरांना पुरवण्याबद्दल काय नियम आहेत त्याची माहिती. नुसतं ऐकणं आणि ऐकलेलं पुढे पाठवणं, दोन्हींचे नियम सगळीकडे सारखे नसतात.

एक ताकीद इथेच. हा छंद आहे. यातून निघालेल्या आकड्यांवर खरी होडी किंवा खरं विमान हाकायचं नाही.

१. अंतर आणि दिशा: दोन फंक्शन, चार तपासण्या

पृथ्वी गोल धरा, त्रिज्या ६३७१ किलोमीटर. दोन ठिकाणांमधलं अंतर हॅव्हरसाईनच्या सूत्राने निघतं. अक्षांशांमधल्या फरकाच्या निम्म्याची साईन घेऊन तिचा वर्ग करा. दोन्ही अक्षांशांच्या कोसाईनचा गुणाकार करा आणि त्याला रेखांशांमधल्या फरकाच्या निम्म्याच्या साईनच्या वर्गाने गुणा. या दोन्हींची बेरीज करून वर्गमूळ काढा, त्याचा आर्कसाईन घ्या, दुप्पट करा आणि ६३७१ ने गुणा.

हे नाव १८३५ मध्ये जेम्स इनमन यांनी रूढ केलं. तेव्हा गुणाकार लॉगच्या कोष्टकांतून करत. ऋण संख्येचा लॉग निघत नाही, आणि हॅव्हरसाईन, म्हणजे कोनाच्या निम्म्याच्या साईनचा वर्ग, कधीच ऋण होत नाही. खलाशांच्या सोयीसाठी आलेलं सूत्र आज आपल्यालाही सोयीचं पडतं, कारण जवळच्या दोन बिंदूंसाठीही ते डगमगत नाही.

निघतानाच्या दिशेसाठी, म्हणजे बेअरिंगसाठी, दोन राशी लागतात. पहिली: रेखांशांच्या फरकाची साईन गुणिले दुसऱ्या अक्षांशाची कोसाईन. दुसरी: पहिल्या अक्षांशाची कोसाईन गुणिले दुसऱ्याची साईन, वजा पहिल्याची साईन गुणिले दुसऱ्याची कोसाईन गुणिले रेखांशांच्या फरकाची कोसाईन. एटॅन२ ला, म्हणजे दोन राशींवरून कोन काढणाऱ्या पायथनच्या फंक्शनला, त्या याच क्रमाने द्या. उत्तराचे अंश करा, ३६० मिळवा आणि ३६० ने भागून बाकी घ्या.

आता तपासा:

- शून्य अक्षांश, शून्य रेखांशापासून शून्य अक्षांश, ९० रेखांशापर्यंत: १०,००७.५ किलोमीटर, दिशा ९० अंश.
- एकाच रेखांशावर एक अंश उत्तरेला: १११.१९ किलोमीटर, दिशा शून्य.
- अक्षांश ५२, रेखांश ४ पासून अक्षांश ५२.२५७२, रेखांश ३.९१९३७ पर्यंत: २९.१ किलोमीटर, दिशा ३४९ अंश.
- तिसरीच तपासणी उलट दिशेने: अंतर तेच, दिशा १६९ च्या आसपास.

तिसऱ्या तपासणीत दिशा उणे १०.९ आली, तर ३६० ची बाकी घ्यायची राहिली आहे. अंतर हजारो किलोमीटर आलं, तर माझीच चूक तुम्ही केली आहे: अंशांचे रेडियन केलेले नाहीत.

पृथ्वी खरं तर ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, त्यामुळे या उत्तरात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास फरक पडतो. विमानं मोजायला तेवढं चालतं. काटेकोर उत्तर हवं असेल तर डब्ल्यूजीएस-८४, म्हणजे जीपीएस वापरतं तो पृथ्वीचा लंबगोल घ्या. त्याची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर. त्यासाठी १९७५ ची व्हिन्सेंटी यांची पद्धत लिहून पाहायला मजा येते. मात्र दोन बिंदू पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांना असले की तिचं चक्र संपतच नाही. तेव्हा फेऱ्यांना मर्यादा घाला, नाहीतर प्रोग्राम लटकलेला दिसेल आणि तुम्ही कारण भलतीकडे शोधत बसाल.

२. एककांचा गोंधळ आताच मिटवा

नॉटिकल मैल म्हणजे नेमके १८५२ मीटर. नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल. विमानाची उंची फुटांत येते, एक फूट ०.३०४८ मीटर. माझा नियम असा: प्रोग्रामच्या पोटात सगळं मीटर, सेकंद आणि रेडियनमध्ये, आणि माणसाला दाखवताना शेवटच्या ओळीत रूपांतर. चलाच्या नावातच एकक लिहा: 'उंची_फूट', 'उंची_मी'. पायथन ३ ला देवनागरी नावं चालतात. गंमत म्हणजे देवनागरी अंकांची मजकुराची ओळ पूर्णांकात बदलायला दिली तर तीही तो निमूटपणे बदलून देतो. कोडमध्ये थेट देवनागरी आकडा लिहिलेला मात्र त्याला चालत नाही.

जीपीएस रिसीव्हर जोडणार असाल तर सर्वांत नामांकित सापळा इथे आहे. जीपीएस रिसीव्हर ज्या एनएमईए पद्धतीने मजकूर पाठवतात तिच्या ओळीत अक्षांश ५२१५.४३२० असा येतो. याचा अर्थ ५२.१५ अंश नाही. ५२ अंश आणि १५.४३२० मिनिटं असा तो वाचायचा. मिनिटांना ६० ने भागलं की ०.२५७२, म्हणजे एकूण ५२.२५७२ अंश. रेखांशात अंशांना तीन जागा असतात: ००३५५.१६२२ म्हणजे ३ अंश ५५.१६२२ मिनिटं. ही चूक फसवी असते, कारण ठिकाण पार बिघडत नाही, थोडंसं सरकतं. नकाशावर बिंदू पंचवीस-तीस किलोमीटर दूर पडतो आणि आपण म्हणतो, असेल जीपीएसची चूक.

३. संदेशाची चिरफाड

एडीएस-बीचा संदेश ११२ बिटांचा. तो असा कापायचा:

- पहिले ५ बिट: प्रकार. १०००१, म्हणजे १७, असेल तरच आपल्या कामाचा.
- पुढचे ३: ट्रान्सपॉन्डरची, म्हणजे विमानातल्या संदेश पाठवणाऱ्या यंत्राची, क्षमता. सध्या सोडून द्या.
- पुढचे २४: विमानाचा कायमचा पत्ता.
- पुढचे ५६: खरा मजकूर.
- शेवटचे २४: चूक पकडण्यासाठी.

सोळा-आधारी अंकांत बरेच संदेश '८डी' ने सुरू होतात ते यामुळेच: १०००१ आणि मग १०१.

मजकुराचे पहिले ५ बिट त्याची जात सांगतात. १ ते ४ म्हणजे विमानाचं नाव, ९ ते १८ म्हणजे हवेतलं ठिकाण, १९ म्हणजे वेग. जमिनीवरच्या ठिकाणाचे ५ ते ८. ते पहिल्या महिन्यात हातात घेऊ नका, त्यांचं गणित थोडं वेगळं आहे.

उंची हाताने काढून पाहू. ठिकाणाच्या संदेशात उंचीचे १२ बिट असतात. समजा ते असे आहेत:

११०००० १११०००

डावीकडून आठवा बिट १ आहे. याचा अर्थ उंची २५ फुटांच्या टप्प्यांत दिली आहे. हा आठवा बिट उचलून बाजूला ठेवा. उरले ११००००११०००, म्हणजे १५६०. गुणिले २५ झाले ३९,०००. त्यातून १००० वजा केले की ३८,००० फूट. मी ही फोड पहिल्यांदा केली तेव्हा आठवा बिट काढायच्या ऐवजी शून्य केला होता, आणि माझी विमानं अंतराळाच्या वाटेला लागली होती.

ही उंची हवेच्या दाबावरून काढलेली असते, समुद्रसपाटीला दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल आहे असं गृहीत धरून. त्या दिवशी दाब वेगळा असेल तर जीपीएसच्या उंचीशी ती जुळणार नाही. तो तुमच्या कोडचा दोष नाही.

४. ठिकाण: सम आणि विषम संदेशांची जोडी

इथे बहुतेकांचा धीर सुटतो, म्हणून जरा थांबून जाऊ.

अक्षांशाला १७ बिट मिळतात, रेखांशालाही १७. १७ बिटांत १,३१,०७२ आकडे मावतात. सगळी पृथ्वी त्यात बसवली तर अचूकता शेकडो मीटरची होईल. म्हणून युक्ती अशी केली आहे: पृथ्वीचे पट्टे पाडायचे आणि पट्ट्याच्या आत विमान कुठे आहे तेवढंच सांगायचं. कितवा पट्टा, ते सांगायचंच नाही. एक पट्टा ६ अंशांचा, त्याचे १,३१,०७२ भाग, म्हणजे एक भाग सुमारे ५.१ मीटरचा.

मग पट्टा ओळखायचा कसा? विमान आलटून पालटून दोन प्रकारचे संदेश पाठवतं. सम संदेशात ३६० अंशांचे ६० पट्टे धरलेले असतात, विषम संदेशात ५९. सारख्याच लांबीच्या दोन पट्ट्या शेजारी ठेवा, एकीवर ६० खुणा आणि दुसरीवर ५९. सुरुवातीला खुणा जवळजवळ जुळतात, मग हळूहळू फरक वाढत जातो. कुठल्याही जागी दोन खुणांमध्ये किती फरक पडला आहे ते पाहिलं की आपण कितव्या खुणेपाशी आहोत ते कळतं. सगळी पद्धत एवढीच.

आकडे घ्या. सम संदेश: अक्षांश ९३०००, रेखांश ५१३७२. विषम संदेश: अक्षांश ७४१५८, रेखांश ५०१९४. सम संदेश नंतर आलेला आहे, म्हणून ठिकाण त्याचंच धरायचं.

१. प्रत्येक आकड्याला १,३१,०७२ ने भागा. सम अक्षांश ०.७०९५३४, विषम अक्षांश ०.५६५७८१.

२. ५९ गुणिले सम, वजा ६० गुणिले विषम, अधिक ०.५. उत्तर ८.४२. खालचा पूर्णांक ८. हा पट्ट्याचा क्रमांक.

३. सम अक्षांश: ६ × (८ + ०.७०९५३४) = ५२.२५७२ अंश. विषम अक्षांश: (३६० ÷ ५९) × (८ + ०.५६५७८१) = ५२.२६५८ अंश. दोन्ही जवळपास सारखे आले. विमान मधल्या वेळात थोडं पुढे गेलं आहे, एवढाच फरक.

४. आता रेखांशाचे पट्टे. ध्रुवाकडे जाताना रेखांश एकमेकांजवळ येतात, म्हणून पट्ट्यांची संख्या विषुववृत्तावर ५९ असते आणि घटत घटत ध्रुवापाशी १ होते. सूत्र: (१ − कोस ६°) ला अक्षांशाच्या कोसाईनच्या वर्गाने भागा, ते १ मधून वजा करा, त्याचा आर्ककोसाईन काढा, ३६० अंशांना त्या कोनाने भागा आणि खालचा पूर्णांक घ्या. आपल्या अक्षांशाला ३६.७ येतात, म्हणजे ३६ पट्टे.

५. रेखांशाचे अपूर्णांक ०.३९१९३७ आणि ०.३८२९५०. ३५ गुणिले सम, वजा ३६ गुणिले विषम, अधिक ०.५. उत्तर ०.४३, खालचा पूर्णांक शून्य. ३६० ÷ ३६ = १०. म्हणून रेखांश १० × (० + ०.३९१९३७) = ३.९१९३७ अंश.

हेच ते ठिकाण, ज्याचं अंतर तुम्ही पहिल्या पायरीत काढलं होतं. ते युरोपाजवळच्या 'नॉर्थ सी'वर आहे. तुमचं उत्तर जमिनीवर, किंवा दुसऱ्याच खंडात आलं असेल तर खालचं वाचा.

- सम आणि विषम अक्षांशांतून निघालेली पट्ट्यांची संख्या वेगवेगळी आली तर ती जोडी टाकून द्या. विमान नेमकं सीमा ओलांडत होतं. पुढची जोडी येईलच.
- दोन संदेशांत १० सेकंदांपेक्षा जास्त अंतर नको. एका सर्व्हरवरून उतरवलेल्या जुन्या नोंदींत वेळेचा रकानाच नव्हता. त्यांच्या जोड्या लावण्यात माझा अख्खा रविवार गेला, नंतर ती फाईल पुसून टाकली.
- अक्षांश २७० किंवा जास्त आला तर ३६० वजा करा, तो दक्षिण गोलार्ध आहे. रेखांश १८० किंवा जास्त असला तरी ३६० वजा.
- पट्ट्याचा क्रमांक ऋणही येऊ शकतो, तेव्हा पट्ट्यांच्या संख्येने भागून बाकी घ्यायची. पायथनमध्ये उणे १ ला ६० ने भागल्यावर बाकी ५९ येते. सी भाषेत ती उणे १ च राहते. पायथनचा कोड सीमध्ये नेताना माझी काही विमानं यापायी पृथ्वीच्या पाठीमागे गेली होती.

एकदा ठिकाण पक्कं झालं की पुढे एकेका संदेशावरून काम भागतं: आधीच्या ठिकाणापासून १८० नॉटिकल मैलांच्या आत विमान आहे असं धरायचं आणि जवळचा पट्टा निवडायचा.

५. वेग: दोन ओळींचं काम

१९ क्रमांकाच्या मजकुरात पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण असे दोन वेग नॉटमध्ये येतात. प्रत्येक आकड्यातून १ वजा करायचा, कारण शून्य म्हणजे 'माहिती नाही' असा संकेत आहे. पश्चिम ९ आणि दक्षिण १६० आलं तर खरे वेग ८ आणि १५९. वर्गांच्या बेरजेचं मूळ १५९.२ नॉट. दिशेसाठी एटॅन२ ला आधी पूर्वेचा घटक (उणे ८), मग उत्तरेचा (उणे १५९). उत्तर १८२.९ अंश. क्रम उलटा झाला तर हे विमान जवळजवळ काटकोनात आडवं चालताना दिसतं.

ही जमिनीवरच्या मार्गाची दिशा आहे. वाऱ्यामुळे नाक वेगळीकडे असू शकतं. आणि ही खऱ्या उत्तरेपासून आहे, होकायंत्राच्या उत्तरेपासून नाही.

६. आता रेडिओ

आरटीएल२८३२यू ही चिप मुळात यूएसबीवर टीव्ही पाहण्यासाठी. २०१२ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं की ती कच्चे रेडिओ नमुनेही, म्हणजे लहरीची क्षणाक्षणाची मापंही, देते, आणि स्वस्त रेडिओचं दालन उघडलं. याच संदेशांसाठी डम्प१०९० हा प्रोग्राम मूळ साल्वातोरे सान्फिलिप्पो यांनी लिहिला, रेडिस हा डेटाबेस लिहिणारेच ते. तुमचा कोड नीट चालतोय का हे ताडून पाहायला डम्प१०९० सर्वांत उत्तम. फक्त स्वतःचा लिहून होण्याआधी त्याच्या आत डोकावू नका, मजा जाते.

लिनक्सवर रिसीव्हर लावल्या लावल्या टीव्हीचा ड्रायव्हर त्याचा ताबा घेतो. उपकरण 'व्यस्त आहे' असं दिसलं तर आधी तो ड्रायव्हर काळ्या यादीत टाका. विंडोजवर झाडिग नावाच्या साधनाने ड्रायव्हर बदलावा लागतो. तिथे यादीतून दुसरंच उपकरण निवडलंत तर माऊस किंवा कीबोर्ड बंद पडेल, तेव्हा नाव दोनदा वाचा.

लहरीची लांबी २७.५ सेंटिमीटर, पाव लांबी सुमारे ६.९ सेंटिमीटर. तेवढी तार उभी, खाली धातूचा पत्रा, आणि आकाश मोकळं. सुरुवातीला एवढं बस्स. अँप्लिफायर आणि फिल्टर यांच्या फंदात आत्ताच पडू नका.

माझा ठाम आग्रह एकाच गोष्टीचा आहे: थेट प्रवाहावर कोड लिहू नका. सेकंदाला २० लाख नमुन्यांच्या वेगाने दहा सेकंद फाईलमध्ये साठवा. प्रत्येक नमुन्याला दोन बाइट, म्हणजे ४० मेगाबाइट होतील. मग त्याच फाईलवर हवे तितके दिवस काम करा. विमानं येतात आणि जातात, फाईल मात्र उद्याही तीच असते.

प्रत्येक बाइटमधून १२७.५ वजा करा, दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं मूळ घ्या, हा त्या क्षणीचा जोर. संदेशाच्या आधी ८ मायक्रोसेकंदांची सलामी असते. तिचे ठोके ०, १, ३.५ आणि ४.५ मायक्रोसेकंदांवर, म्हणजे आपल्या फाईलमध्ये ०, २, ७ आणि ९ क्रमांकाच्या नमुन्यांवर. पुढे प्रत्येक बिटाला दोन नमुने: आधीचा मोठा तर १, नंतरचा मोठा तर ०. हे साध्या फॉर-लूपने केलंत तर पायथन दमेल, म्हणून सलामी शोधायचं काम नमपायकडे द्या.

नुसत्या गोंगाटातही सलामीसारखं बरंच काही सापडतं. म्हणून ११२ बिटांना या २५ बिटांनी दोनच्या अंकगणितात भागा, म्हणजे वजाबाकीऐवजी एक्सॉर करा (दोन बिट सारखे तर ०, वेगळे तर १):

१११११११११११११ ०१००००००१००१

बाकी शून्य उरली तर संदेश खरा. सुरुवातीला शेकडो उमेदवारांतून चार-पाचच उरतील. तसंच असायला हवं.

७. उत्तर पटण्यासारखं आहे का?

या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे कमाल अंतराचा ठोकताळा काढता येतो: अँटेनाची आणि विमानाची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींची वर्गमुळं मिळवा, ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये. १० मीटरवरची अँटेना आणि ३८,००० फुटांवरचं विमान यांना सुमारे ४५६ किलोमीटर येतात. तुमच्या यादीत ९०० किलोमीटरवरचं विमान दिसलं तर आधी चौथी पायरी पुन्हा तपासा, नंतर आनंद करा.

विमानाची उंची दिसते पण ठिकाण नाही, असंही होईल. जोडीतला एकच संदेश पोचलेला असतो. थोडं थांबा.

आणि विमान स्वतःला जिथे समजतं तेच ठिकाण सांगतं. आपण ते मोजत नाही, ऐकतो. त्याच्या उपग्रह-रिसीव्हरला कोणी गंडवलं असेल तर तुमचा निर्दोष कोडही त्याला भलतीकडेच दाखवेल.

याच सामानावर जहाजंही ऐकता येतात, १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर. अँटेना लांब लागेल. तिथे सम-विषम जोड्या नाहीत, ठिकाण थेट मिनिटाच्या दहा हजाराव्या भागात येतं. फक्त अक्षांश ९१ आणि रेखांश १८१ आला तर दचकू नका. त्या जहाजाला स्वतःचं ठिकाण ठाऊक नाही, एवढंच ते सांगतंय.